पाव फेरा

मिस्त्रींची गाडी तीस वर्षांची आणि मिस्त्री बहात्तरचे. दोघांपैकी जास्त धूर कोण काढतं यावर वस्तीतले ड्रायव्हर पैजा लावायचे. गाडी डिझेलची. तिच्या जोडीच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, ही आपली मिस्त्रींच्या हातगुणावर जगलेली. घर आणि गॅरेज एकाच छपराखाली, खिंडीकडे चढणाऱ्या रस्त्याच्या अगदी पायथ्याशी, त्यामुळे वर जाणारा प्रत्येक जण त्यांच्या दारात थांबूनच पुढे जायचा. हाताखाली बायको. मिस्त्रींनी पाना म्हणायच्या आत पाना त्यांच्या हातात, असं चाळीस वर्षं चाललेलं. म्हणून तिला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळ्यांची ती मिस्त्रीणबाई.

आता खिंडीचं जरा समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वर हवा विरळ. माणसाला जशी धाप लागते तशी इंजिनालाही लागते. हवा निम्मी आणि डिझेल मात्र भरपेट, मग ते जळणार कसं? गाडी काळा धूर ओकते, तापते आणि ऐन चढावर रडत बसते. नव्या गाड्यांना हे आपोआप कळतं म्हणे. जुन्या गाडीला सांगावं लागतं. डिझेलच्या पंपावर एक स्क्रू असतो, तो निघण्यापूर्वी पाव फेरा कमी करायचा. पाव म्हणजे पाव. जास्त कमी केला तर इंजिन उपाशी मरतं. आणि फिरवला की पंपाच्या नळीला लाल दोरा बांधायचा, म्हणजे दुसरा कुणी हौशी येऊन पुन्हा फिरवणार नाही. खाली परत आलं की स्क्रू पूर्ववत, दोरा सोडायचा. ही दोऱ्याची पद्धत मिस्त्रींनीच घालून दिलेली, आणि खिंडीच्या दोन्ही अंगांना ती सगळे पाळायचे.

त्या दिवशी दोघा नवराबायकोला खिंड ओलांडून पलीकडच्या गावात बाराच्या आत पोचायचं होतं. कोर्टाची तारीख होती, आणि शेवटची होती. ठकी कुणाकडे राहणार हे त्या दिवशी ठरायचं होतं.

ठकी म्हणजे नात. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, तोंडाचा पट्टा अखंड चालू. दोन वर्षांपूर्वी तिची आई, म्हणजे मिस्त्रींची एकुलती एक लेक, तापाचं निमित्त होऊन गेली. जावई तेव्हा दूर बंदरावर नोकरीला. तो म्हणाला, पोरीला सांभाळा, मी सावरतो आणि येतो. सावरायला त्याला पावणेदोन वर्षं लागली, आणि आला तो दुसरी बायको घेऊन. आता त्याला समुद्रापलीकडे नोकरी लागली होती आणि ठकीला तो घेऊन जाणार होता. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं. नवी बायकोही पोरीचे केस नीट विंचरायची. पण एकदा विमानात बसली की ठकी पुन्हा दिसणार कधी? या वयात कोण कुणाची वाट बघणार? मिस्त्रीणबाईला रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसे. दोन महिने पोर बापाकडे होती, कोर्टानंच तसं सांगितलेलं, आणि तेवढ्यात घर खायला उठलं होतं.

जावयाच्या वकिलाचं म्हणणं एकच: आजोबांना विसर पडतो. मागच्या तारखेला तो हे बोलला तेव्हा मिस्त्री ताडकन उठून म्हणाले, "मला विसर पडतो? आधी स्वतःच्या कोटाची बटणं बघा, एक घर चुकलंय!" खरंच चुकलं होतं. सगळं कोर्ट हसलं, न्यायाधीशबाईसुद्धा.

मिस्त्रीणबाई तेवढी हसली नाही. कारण वकील खरं बोलत होता.

वर्षभर ती झाकत आली होती. मिस्त्री गिऱ्हाइकाची किल्ली कुठं ठेवली ते विसरत, ती म्हणे मीच उचलली. ते एकच गोष्ट तीनदा सांगत, ती तिन्ही वेळा नव्यानं ऐके. झाकली मूठ सव्वा लाखाची. हातांना मात्र विसर नव्हता. पंप खोलायला बसले की तेच जुने मिस्त्री. म्हणून वस्तीत कुणाला पत्ता नव्हता. फक्त एकदा मूठ उघडी पडता पडता राहिली. गेल्या हिवाळ्यात मिस्त्रीणबाई आजारी बहिणीकडे गेली होती, आणि मिस्त्री दुपारी ठकीला शाळेतून आणायला निघाले ते अर्ध्या रस्त्यातून घरी परतले आणि एका इंजिनात डोकं घालून बसले. पोर अंधार पडेपर्यंत शाळेच्या पायरीवर बर्फात बसून होती. बोटं निळी पडलेली. कोर्टात हे निघालं तेव्हा मिस्त्रीणबाईनं लिहून दिलं की गाडी बंद पडली होती. आता गंमत बघा, मिस्त्रींनाही तेच खरं वाटू लागलं. "त्या दिवशी बॅटरीनं दगा दिला," असं ते शपथेवर सांगत, आणि ते खोटं बोलत नव्हते बिचारे.

तर त्या सकाळी मिस्त्री दाढी करत होते तेव्हा मिस्त्रीणबाईनं सवयीनं बॉनेट उघडून बघितलं. दोरा नव्हता. रात्री जेवताना तिनं विचारलं होतं, "गाडी तयार ना?" आणि ते म्हणाले होते, "एकदम नवरीसारखी." म्हणजे विसरले! आता दाढी अर्धी टाकून त्यांना बोलवायचं, नेमकं आजच्या दिवशी तोंडावर सांगायचं, की तुम्ही विसरलात? कशाला उगाच खजील करायचं माणसाला. तिनं लहान पाना घेतला, नट सैल केला, स्क्रू पाव फेरा फिरवला, नट आवळला, दोरा बांधला आणि बॉनेट लावून हात धुऊन आली. मिस्त्रींना चकार शब्द बोलली नाही.

सातला निघाले. मिस्त्रींनी ठेवणीतला कोट घातला होता. मागच्या सीटवर ठकीची उशी ठेवलेली, कारण निकाल आपल्या बाजूनं लागला तर येताना पोर झोपणार. मिस्त्रीणबाईनंच ठेवली होती.

पहिले बरेच चढ ठीक गेले. गाडी जरा जड वाटत होती, पण सकाळची थंडी, म्हातारं इंजिन, चालायचंच. अर्धा घाट चढल्यावर मिस्त्री मान तिरकी करून ऐकायला लागले. "दम नाहीये गं हिच्यात," ते म्हणाले. दुसऱ्या गिअरवर टाकली. मिस्त्रीणबाईनं बाजूच्या आरशात बघितलं. दर वेळी या वळणावर गिअर बदलला की मागं काळा भपका निघायचा, पाव फेरा कमी असला तरी थोडा निघायचाच. आज काही नाही. आरसा स्वच्छ. धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. चाळीस वर्षं पाना देणाऱ्या बाईला एवढं न कळायला काय झालं?

शेवटची दोन वळणं राहिली असताना गाडीनं पहिल्या गिअरमध्ये तीन आचके दिले आणि जीव सोडला. मिस्त्रींनी हँडब्रेक ओढला. मिस्त्रीणबाईनं उतरून मागच्या चाकाला दगड लावला, आणि तेवढ्यानंच तिला धाप लागली. रस्त्याच्या कडेला जुनं बर्फ काळपटून पडलेलं. वारा असा की कानशिलं दुखावीत. साडेनऊ वाजले होते.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. "दोरा आहे," ते म्हणाले. "म्हणजे पंप ठीक. फिल्टर बघू." हवेचा फिल्टर काढून झटकला. डिझेलचा फिल्टर बघितला, पाणी नव्हतं. मग किल्ली मारली. इंजिन आधी तापवणाऱ्या हीटरचा दिवा लागला, विझला, स्टार्टर कण्हत फिरला, इंजिन काही बोललं नाही. पुन्हा. आणखी एकदा. चौथ्या वेळी स्टार्टर नुसताच टक् करून गप्प बसला. बॅटरी गेली. दहा वाजून गेले. मिस्त्रीणबाई हे सगळं बघत उभी होती.

शेवटी तिनं विचारलं, "अहो, काल स्क्रू तुम्ही फिरवला होतात का हो?"

"म्हणजे काय! काल संध्याकाळी. तू दुकानात गेली होतीस तेव्हा. फिरवला आणि दोरा बांधला."

बांधला. त्यांच्या डोळ्यांत शंकेचा लवलेश नव्हता. फिरवला खरा, बांधायचं तेवढं राहिलं, आणि ज्या माणसानं अख्ख्या घाटाला दोरा बांधायला शिकवला त्याला ते आयुष्यात कधी पटलं नसतं. "मग चुकलं माझं," ती म्हणाली. "दोरा मळला होता म्हणून सकाळी सोडून टाकला. मग हातासरशी स्क्रूही फिरवला. तुम्ही फिरवलाय हे लक्षातच आलं नाही."

आधी त्यांना कळेना. कळलं तेव्हा असे तापले! "अगं दोरा कशाला असतो? शोभेला? चाळीस वर्षं काय माझ्यासमोर झोपा काढल्यास? आजच्या दिवशी! ठकीच्या तारखेच्या दिवशी! तुझ्याच्यानं एक स्क्रू धड होत नाही?" ओरडता ओरडता त्यांनाही धाप लागली आणि ते मडगार्डला टेकले. ती खाली मान घालून उभी राहिली. बोलू दे, बोलू दे. बोलतायत तोवर डोकं जागेवर आहे.

मग त्यांनी पाना मागितला, आणि तो मागायच्या आत तिनं दिला. पाव फेरा उलटा. आता बॅटरीशिवाय गाडी चालू कशी करायची? चढावर ढकलायला दोन म्हातारी माणसं काय कामाची? मिस्त्री म्हणाले, "मागं सोडतो. उताराला रिव्हर्स टाकून क्लच सोडला की धरेल. तू त्या कठड्याला थांब. दगड काढ आणि लगेच बाजूला हो."

मागच्या वळणाला मात्र कठडा नव्हता, दरी होती. तिनं दगड काढला. गाडी मागं घरंगळायला लागली, हळू, मग चांगलीच वेगात. मिस्त्री खिडकीतून मान बाहेर काढून मागं बघत होते, एक हात स्टिअरिंगवर. वळणाच्या दोन गाड्यांइतकं अलीकडे त्यांनी क्लच सोडला, चाकं करकचली, आणि काळ्या धुराचा असा लोट निघाला की मिस्त्रीणबाईला रडूच आलं. वा रे माझ्या मिस्त्री! बहात्तराव्या वर्षी, बर्फाच्या कडेला, एका हातानं! गाडी गुरगुरत वर आली, तिच्या समोरून गेली, आणि पुढच्या वळणाआड दिसेनाशी झाली.

बरोबरच होतं. चढावर थांबले असते तर पुन्हा बंद पडली असती. वर सपाटीला थांबतील. ती चालू लागली. दहा पावलं चालायची, थांबायचं, छाती धरायची, पुन्हा दहा पावलं. दोन वळणं चढायला तिला पाऊण तास लागला. इतक्या वेळात ते मागं बघायलाही आले नाहीत, पण इंजिन चालू ठेवून गाडी सोडायची नाही, हेही बरोबरच होतं. मन काय, हवी तेवढी कारणं पुरवतं.

वर गाडी उभी होती, इंजिन चालू. मिस्त्री आत बसून थर्मासमधला चहा पीत होते. तिनं दार उघडलं तसे ते दचकले.

"अगं, तू इथं कुठून आलीस?" ते म्हणाले. चेहऱ्यावर खराखुरा आनंद. "चालत आलीस? या थंडीत? वेडी की काय तू!"

मिस्त्रीणबाई दाराला धरून उभी राहिली. धाप होती म्हणून बरं, लगेच बोलावं लागलं नाही. "पाय मोकळे करत होते," ती म्हणाली आणि आत बसली. मागच्या सीटवर उशी होती. तिच्या मनात नको तेच आलं: मागं राहिले ती मी होते, म्हणून चालत वर तरी आले. मी नसते आणि त्या कठड्याला ठकीला उभं केलं असतं तर? तिनं डोळे मिटून घेतले, पण पोर कठड्याला उभीच. मी किती दिवस पुरणार आहे मध्ये? आणि आजची वेळ आली तीसुद्धा माझ्या झाकाझाकीनंच की. दाढी अर्धी टाकून विचारलं असतं, तर गाडी बंद पडली नसती.

उताराला मिस्त्री खुशीत होते. दगड, रिव्हर्स, कठडा, यातलं काही त्यांच्या बोलण्यात नव्हतं. राग मात्र शाबूत. "दोरा मळला म्हणे!" दर चार वळणांनी ते पुटपुटत होते. काय विसरायचं आणि काय ठेवायचं हे माणसाच्या हातात असतं तर काय हवं होतं!

बाराला पाच कमी असताना ते कोर्टाच्या पायऱ्या चढले. वीतभर खोली, तीन बाकं, कागदांच्या गठ्ठ्यांमागं न्यायाधीशबाई. जावई आणि त्याची बायको एका बाजूला. ठकीला बाहेर शिपाईबाईजवळ बसवलेलं.

आणि त्या दिवशी मिस्त्रींनी कमाल केली. वकिलानं विचारलं, नात कोणत्या वर्गात? सांगितलं. तिला कशाची भीती वाटते? "शिट्टीवाल्या कुकरची." तिच्या औषधाच्या गोळ्या? "पावडर चालते, गोळी थुंकते." आजची तारीख, वार, सगळं चोख. वकील म्हणाला, "हाताला काळं कसलं लागलंय?" मिस्त्री म्हणाले, "हिनं स्क्रू दोनदा फिरवला, खिंडीत गाडी बंद पडली. मी चालू करून आणली. साहेब, विसर कुणाला पडतो ते आता तुम्हीच बघा." पुन्हा हशा. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांचा कल कुठं झुकलाय ते आंधळ्यालाही दिसलं असतं. जावयाचा चेहरा पडला.

मग न्यायाधीशबाई मिस्त्रीणबाईकडे वळल्या. "एकच विचारते, आजी. हिवाळ्यात मुलगी शाळेच्या पायरीवर बसून राहिली, त्या दिवशी गाडी बंद पडली होती असं तुम्ही लिहून दिलंय. ते खरं आहे ना? तेवढं हो म्हणा, म्हणजे मी नोंद करते."

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. वर्षभर जी बाई ऊठबस खोटं बोलत होती तिला हे काय जड होतं? तिनं मिस्त्रींकडे बघितलं. ते तिला डोळ्यांनी खुणावत होते, सांग की, बॅटरी गेली होती.

"नाही," मिस्त्रीणबाई म्हणाली. "गाडी चांगली होती. हे विसरले होते. मी खोटं लिहून दिलं." तिला वाटलं होतं की एवढ्यावर भागेल, पण न्यायाधीशबाई बघतच राहिल्या, म्हणून तिनं पुढचंही सांगितलं. "हे खूप विसरतात. मी झाकते. पोरीला आमच्याकडे देऊ नका."

"काय बडबडतेस!" मिस्त्री ओरडले. "बाईसाहेब, हिचं ऐकू नका, हिला वर खिंडीत हवा लागलीये!" आता कुणी हसलं नाही. ते तिच्याकडे वळले, आणि त्यांच्या आवाजातला सगळा ताठा गेला. "अगं, आपली ठकी आहे ती. आपली लेक गेली, आता हिलाही घालवतेस?"

तिला सांगता आलं असतं. काल दोरा तुम्ही विसरलात, आज मला कठड्याला विसरलात. सांगून काय झालं असतं? त्यांना पटलं नसतं, आणि पटलं असतं तर आणखी वाईट. बहात्तराव्या वर्षी नात आपल्यामुळं गेली हे ओझं घेऊन हा माणूस त्या घाटाच्या पायथ्याशी बसला असता, आणि हे मात्र नेमकं त्यांच्या लक्षात राहिलं असतं. त्यापेक्षा माझ्यावर रागावून जगू देत.

निकाल लिहायला दहा मिनिटं लागली. ठकी बापाकडे; सुट्टीत भेट, फोन, असं काहीबाही त्यात होतं. जावई तिच्या पाया पडायला आला, तिनं हात मागं घेतला. राग नव्हता, ताकद नव्हती.

बाहेर व्हरांड्यात ठकी धावत आली ती थेट आजोबांच्या पोटाला भिडली. "आजोबा, गाडी आणलीत ना? मी पुढं बसणार! आजी मागं!"

मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, काळाच्या काळा. "मला नको विचारूस," ते म्हणाले. "आजीला विचार. आजीनं ठरवलंय सगळं." आणि पाठ फिरवून पायऱ्या उतरून गेले.

ठकी आजीकडे बघायला लागली. मिस्त्रीणबाई गुडघ्यावर बसली. पोरीच्या कोटाचं वरचं बटण सुटलं होतं, ते लावलं.

"आज नाही बसायचं गाडीत, बाळा. तू बाबांबरोबर जायचंस."

"किती दिवस?"

"खूप."

ठकीनं पायऱ्यांकडे बघितलं. "आजोबांना मी नको झाले का?"

"नाही गं राणी. आजोबांना तू हवी होतीस," मिस्त्रीणबाई म्हणाली. "मीच नको म्हणाले."